दिवाळीआधीचा भागाकार

पर्स माझ्या मांडीवर आली की मी ओळखायची, आता काही खरं नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तुम्ही कधी बसला असाल तर दिवसाचा तो शेवट तुम्हाला ठाऊक असेल. पडद्यावरची चित्रं सरकून संपलेली असतात, पंख्याखालची जागा पकडलेल्यांची एक झोप झालेली असते, हजेरीपत्रकावर सह्या झालेल्या असतात. मग पुढे उभा असलेला तज्ज्ञ मार्गदर्शक घड्याळाकडे बघत विचारतो, "कुणाला काही शंका?" हे विचारणं उत्तरासाठी नसतंच मुळी. पिशव्या उचला, असा त्याचा अर्थ. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, मात्र त्या प्रश्नावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायच्या. मोठ्या बाई पर्स माझ्याकडे द्यायच्या, "धर गं" म्हणायच्या, पदर खांद्यावर घट्ट घ्यायच्या आणि उभ्या राहायच्या.

"शंका न्हाई साहेब, हरकत आहे."

"तेच ना मॅडम, एकच की."

"एकच कसं? शंका म्हणजे मला समजलं न्हाई. मला बराबर समजलंय. पटलं न्हाई."

मागून कुणीतरी पुटपुटायचं, "झालं, गेली पाचची गाडी." आणि खरंच जायची. पण एक सांगते, पुटपुटणारेही बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्यांच्याच भोवती जमायचे. "बाई, बरं बोलल्या तुम्ही." बाई तिखट नजरेने बघायच्या. "मंग आत तोंडात काय धरलं होतं?"

आमची शाळा परतूरपासून आत, कापसाच्या वावरांमधून जाणाऱ्या रस्त्यावर. चार वर्ग आणि दोन बाया. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. लेकरांनी त्यांना मोठ्या बाई केलं आणि मला धाकट्या बाई. तशा उंचीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या. पण मोठ्या त्याच, यात गावात कुणाचं दुमत नव्हतं.

मी रुजू झाले तेव्हा नव्या पद्धती, नवे तक्ते, रंगीत कार्डं असं सगळं घेऊन गेल्ते. बाईंनी ते शांतपणे बघितलं आणि विचारलं, "चहा पिते ना?" मी हो म्हटलं. "मंग दूध तू आणत जा. माझी स्कूटी खड्ड्यात उडते, सगळं डिक्कीत सांडतं." एवढंच माझं स्वागत. मी घरी जाऊन रडले होते.

बाई काही देवी नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. प्रार्थनेत त्यांचा सूर असा काही लागायचा की पहिलीतली लेकरं एकमेकांना चिमटे काढायची. भाजीवाल्याशी त्या इतकी घासाघीस करायच्या की मी लाजेने चार पावलं लांब जाऊन उभी राहायची. फोनवर माहिती भरायची म्हटलं की फोनलाच दम द्यायच्या, जणू आतमध्ये साहेब बसलेत. उपक्रमाचे फोटो पाठवा म्हणून निरोप आला की म्हणायच्या, "फोटो काढताना लेकरं शिकत न्हाईत, दात काढतात." आमचे केंद्रप्रमुख साधे, सज्जन गृहस्थ. त्यांनाही त्या उगाचच झापायच्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डब्यातून शेंगदाण्याचा ठेचा घेऊन यायच्या. माफी मागायची त्यांची पद्धत तीच होती.

पण त्यांचा भागाकार बघायला पाहिजे होता तुम्ही!

फळ्यावर चिन्हबिन्ह काही नाही. डब्यातून भाजलेल्या शेंगा काढायच्या, लेकरांचे गट करायचे आणि म्हणायचं, "वाटा." वाटताना हमखास काहीतरी उरेल अशाच शेंगा त्या मोजून आणायच्या. मग कोर्ट बसायचं. उरलेल्या कुणाच्या? एकदा एका शहाण्याने सांगितलं, "बाई, तुम्ही घ्या." बाईंनी डोळे वटारले. "मी वाटणीत होते का? मंग मला कशाला?" लेकरं विचारात पडली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, आज संगी आजारी आहे. तिलाबी धरू, अन् पुन्हा पहिल्यापासून वाटू." त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंचा चहा गार झाला तरी त्यांचं बोलणं संपेना. "पोरीनं भाजक वाढवला गं! कुणी सांगितलं न्हाई, काही न्हाई, आपल्या मनानं वाढवला!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी आपली हसत होते, तर मलाच ओरडल्या.

हा भागाकार त्या पावसाळ्यात शिकवायच्या. पुस्तकात तो पुढे, दिवाळीनंतर. पण आमच्याकडे दिवाळीनंतर वर्गात असतं कोण? टोळ्या ऊसतोडीला जातात. काही अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला, पण बऱ्याच लांब, पार कर्नाटकापर्यंत. आईबापांबरोबर लेकरंही ट्रॉलीत बसतात आणि येतात ती गुढीपाडव्याच्या पुढेमागे. नाही म्हणायला गावात हंगामी वसतिगृहाची योजना आहे, थोडी लेकरं आजीपाशीही राहतात. पण आठ वर्षांचं लेकरू सहा महिने सोडून जायला आईचा जीव होत नाही. तुमचा झाला असता का? वर्ग निम्मा रिकामा होतो. लेकरं परत येतात तेव्हा वर्ष संपलेलं असतं आणि चौथीचं पुस्तक म्हणतं, भागाकार तुम्हाला येतोच.

"भागाकार राहिला की अपूर्णांक गेला," बाई म्हणायच्या. "अपूर्णांक गेला की शेकडा गेला. मंग सहावीत पोरगी म्हणते, मला गणित येत न्हाई. अन् बाप म्हणतो, मंग घरी बस."

हे त्या कुठल्या पुस्तकातून सांगत नव्हत्या. सुरेखा त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

सुरेखा आमच्या गावची सून. लेकीचं, गौरीचं, नाव पहिलीत घालायला आली तेव्हा बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. बाईंच्या नव्या नोकरीतल्या, दुसऱ्या गावातल्या शाळेतली ती विद्यार्थिनी निघाली. हुशार, पाढे घडाघडा म्हणणारी. तीही दर साल उसाच्या फडात जायची. बाई तेव्हा नव्या होत्या, पुस्तकाचं पान सोडून इकडेतिकडे व्हायची हिंमत नव्हती. सुरेखाला भागाकार कधी भेटलाच नाही. सहावीत शाळा सुटली, मग लग्न, मग हातात कोयता.

"तू तर हुशार होती गं," बाई तिला म्हणाल्या.

सुरेखा हसली. "कशाची हुशार बाई. मला ते भागाचं आलंच न्हाई कधी." मग गौरीचा हात पुढे करून म्हणाली, "हिला येऊ द्या म्हंजे झालं."

ती गेल्यावर बाई बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. "मी क्रमानं गेले पुस्तकाच्या," एवढंच म्हणाल्या. पुस्तकाच्या क्रमावरचा त्यांचा विश्वास उडाला तो तेव्हापासून.

पहिलं साल हे चालून गेलं. कुणी बघत नव्हतं, म्हणून चालून गेलं. मग राज्याचं नवं नियोजन आलं. कुठल्या इयत्तेत, कुठल्या आठवड्यात, गणितातलं काय शिकवायचं ते सगळ्या महाराष्ट्राला एकच. पुण्यातली तिसरी आणि आमची तिसरी एकाच सोमवारी एकाच पानावर. शिकवून झालं की फोनवर तशी खूण करायची, मग चाचणी, मग कोण प्रगत आणि कोण मागे त्याचे रंगीत तक्ते. भागाकार अर्थातच दिवाळीनंतर. बाईंनी ते नियोजन वाचलं, घडी घातली आणि शेंगांचा डबा उघडला.

सप्टेंबरात विस्तार अधिकारी साहेब शाळेत आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनाही वर तोंड दाखवायचं असतं. फळ्याकडे बघून ते थबकले.

"मॅडम, हा आठवडा मापनाचा आहे."

"हो साहेब."

"मग फळ्यावर भागाकार कसा?"

"मापन दिवाळीनंतर घेणार. जी लेकरं इथं राहतील ती घरी रोज मापं बघतात. जी जातील ती फडात मोळ्या उचलतात, वजन त्यांना आपल्याहून जास्त कळतं. भागाकार मात्र फडात कुणी शिकवत न्हाई."

साहेबांनी भेटीची वही मिटली. "मॅडम, मला वरून विचारतात हो."

"मंग वर सांगा की. जल्दी सांगा, दिवाळी जवळ आली."

मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. भीती खरी ठरली. कारणे दाखवा म्हणून नोटीस आली. असल्या नोटिशीला उत्तर लिहायचं म्हणजे "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर" अशी पानभर गुंडाळी असते. बाईंनी लिहिलं: कारण एकच, ऊस. तो दिवाळीनंतर तोडतात आणि तेव्हा लेकरं वर्गात नसतात. खाली सही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन. "मॅडम, एवढं छोटं उत्तर चालत न्हाई. निदान एक पान भरा."

"कारण एकच आहे तर पान कशानं भरू?"

त्याच हिवाळ्यात गणिताच्या नव्या अभ्यासक्रमाचा आराखडा आला. शिक्षकांच्या सूचना मागवल्या होत्या. बाईंचा चेहरा असा फुलला म्हणता! "बघ, विचारून राह्यले आपल्याला." निरोप केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर दुपारी आला होता. सूचना आज पाच वाजेपर्यंत पाठवाव्यात, नसल्यास निरंक कळवावे.

हा निरंक शब्द आमच्या खात्यातला माणूस झोपेतसुद्धा लिहितो. सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. साथीचे रुग्ण? निरंक. वादळाने नुकसान? निरंक. रकाना रिकामा ठेवला की वरून ओरडा बसतो, म्हणून तो भरायचा. निरोप आल्यावर फोन टुणटुण वाजायला लागला. निरंक. निरंक. निरंक. लेकरांना अभ्यासक्रम कसा असावा, यावर अख्ख्या केंद्राला सांगण्यासारखं काही नव्हतं. बाई मात्र वर्ग माझ्यावर सोपवून लिहीत बसल्या. पाठपोट कागद भरले, त्यांचे फोटो मला काढायला लावले आणि पाचच्या आत पाठवून दिले. "आज फोटो काढलेला चालतोय वाटतं," मी म्हटलं. पाठीत धपाटा बसला.

पुढे तालुक्याचा एकत्रित तक्ता आला. आमच्या शाळेसमोर लिहिलं होतं, निरंक.

त्या दिवशी मी बाईंच्या मागे स्कूटीवर बसून परतूरला गेले. जीव मुठीत धरून, कारण खड्डे त्यांना दिसत नव्हते. कार्यालयात टेबलाशी एक हसरा पोरगेला ऑपरेटर होता.

"माझं निरंक कुणी भरलं?"

"मीच की मॅडम."

"मी एवढं लिहून पाठवलं ना?"

"बराबर. आल्तं ना तुमचं. पण रकाना एवढासाच आहे, त्यात ते बसंना." त्याने दोन बोटांनी रकान्याची रुंदी दाखवली. "मंग काय करता? निरंक टाकलं."

तो चिडवत नव्हता हो. अगदी मनापासून सांगत होता. मला हसावं की रडावं कळेना. बाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"बाळा, रकान्यात बसंना म्हणून मी न्हाईच का?"

ऑपरेटर गोंधळला. आतून विस्तार अधिकारी साहेब बाहेर आले. बाई काही उठेनात. त्यांनी चहा मागवला तर चहा घेईनात. अखेर साहेबांनी कपाळ चोळत सांगितलं, "जालन्याला जिल्ह्याचं चर्चासत्र आहे. पुण्याहून तज्ज्ञ येणार आहेत. तुमचं नाव टाकतो. काय बोलायचं ते तिथं बोला, माय!"

जालन्याला आम्ही सकाळच्या रेल्वेने गेलो. बाहेर तुरीची रानं मागे पळत होती आणि बाई गप्प होत्या. गप्प बाई मी कधी बघितल्या नव्हत्या. 

"मला भ्या वाटून राह्यलं गं."

"मंग नका बोलू बाई. दरवेळी तुम्हीच का?"

"गप. भ्या वाटलं म्हणून काय झालं?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "काल फडावरून सुरेखाचा फोन आला. म्हणे, पुढच्या साली गौरी तिसरीत जाईल, तेव्हा ते साहेब लोक भागाचं शिकवू देतील ना?"   एकदा बोललेली भीती त्यांनी पुन्हा काढली नाही आणि मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

सभागृह भरलेलं होतं. पुण्याचे तज्ज्ञ तरुण, मृदू बोलणारे. त्यांनी आराखडा छान समजावला. खोटं कशाला बोलू, बरंच चांगलंही होतं त्यात. मग नेहमीचा प्रश्न झाला आणि पर्स माझ्या मांडीवर आली.

बाईंनी ऊस सांगितला, दिवाळी सांगितली, रिकामे बाक सांगितले. तज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमची तळमळ समजते. पण राज्याचं मानक एकच हवं. तुमच्या मुलांना आपण कमी शिकवायचं का?"

बाई ताठ झाल्या. "कमी कोण म्हणतंय? एक रेघसुद्धा कमी करू नका. काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही बिलकुल शिकवू. कधी शिकवायचं ते आम्हाला ठरवू द्या. पुण्याची लेकरं अन् आमची लेकरं सारखी धरायची, तर दोघांच्याही पुढ्यात भागाकार पडला पाहिजे ना? आमच्या लेकरांच्या पुढ्यात तुम्ही तो रिकाम्या वर्गात वाढून ठेवता."

तज्ज्ञ म्हणाले, "ही एखाद्या शाळेची अडचण असू शकते."

तेव्हा बाई वळल्या. आमच्याकडे, सगळ्या जिल्ह्याच्या मास्तरांकडे. "ज्यांच्या वर्गातली लेकरं दिवाळीनंतर जातात, त्यांनी उभं राहा."

कुणी हललं नाही. मी उठले, पण मी त्यांच्याच शाळेची, माझं उठणं कोण मोजतो! तेवढ्यात मागे खुर्ची करकरली. पिंपळगाव रेणुकाईकडचे एक म्हातारे गुरुजी गुडघ्यावर हात टेकवत, आई गं करत उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचा. मग मंठ्याचे, घनसावंगीचे, आमच्या केंद्रातले निरंकवाले सुद्धा. खुर्च्यांचा असा आवाज झाला की संयोजक दारातून धावत आले.

"बसा बसा! चहाला अजून वेळ आहे!"

गुडघेवाले गुरुजी खेकसले, "चहासाठी न्हाई उठलो हो!"

सगळं सभागृह हसलं, तज्ज्ञही हसले, पण बसलं कुणी नाही. चहा आला तरी आम्ही उभ्यानेच घेतला. मला अजून वाटतं, खात्यातल्या माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला चहा तो.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकल्या बाई. नाही. चर्चासत्राचं इतिवृत्त आलं. त्यात एकच वाक्य होतं: चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. बाई ते वाचून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग अंतिम आराखडा आला. भागाकार जिथल्या तिथे, दिवाळीनंतर. आणि शाळा सुरू होता होता बाईंच्या नावाचा आदेश आला. शिक्षकांच्या कमतरतेमुळे प्रतिनियुक्ती, भोकरदन तालुक्यात. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणे शिक्षकांची कमतरता! आमच्याकडे जसं काही शिक्षकांचं भरताड होतं! दोन बायांची शाळा, त्यातली एक उचलली. मला तेव्हा राग आला, आताही हे लिहिताना येतो आणि तो कधी जाऊ नये असंच वाटतं.

गावाने निरोपाचा कार्यक्रम ठरवला. हार, शाल, नारळ. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. "कार्यक्रम नको. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा." लोक नाराज झाले, पण जमले. या समितीत आईबापच असतात, सुरेखाही होती. एरवी त्यांच्या सह्या घरी जाऊन आणायच्या, अशी आमची रीत.

बाई म्हणाल्या, "मी बोलले, त्याची नोंद झाली न्हाई. तुम्ही ठराव केला तर तो शाळेच्या दप्तरात बसतो, कुणाला काढता येत न्हाई. काय ठराव करायचा ते मी सांगणार न्हाई." आणि खरंच तोंड मिटून भिंतीला टेकून बसल्या. भरल्या बैठकीत, आयुष्यात पहिल्यांदा.

पुरुष एकमेकांकडे बघत होते. मग मागच्या रांगेतून सुरेखा उठली. "आमची लेकरं दिवाळीला जातात. तिसरीच्या लेकरांना भागाचं गणित दिवाळीच्या आधी शिकवा. न्हाई शिकवलं तर समितीला येऊन कारण सांगा." शेवटचं वाक्य ऐकून मी बाईंकडे बघितलं. त्या खाली बघून पदराशी चाळा करत होत्या, ओठ मात्र हसत होते. सह्या झाल्या, अंगठेही झाले.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. मी रडत होते. "रडतेस काय? वर्ग भरायची वेळ झाली." मी म्हटलं, बाई, मला काहीतरी सांगून तरी जा. "काय सांगू? आता तिसरी तुझी. तू काय करायचं ते तू ठरव." स्कूटी सुरू केली आणि मागे न बघता गेल्या. तेव्हापासून आमची भेट नाही.

फोन लागतो कधी कधी. रेंज त्या बाजूला धड नाही. एकदा लागला तेव्हा विचारलं, "बाई, तिकडं कसं आहे?" म्हणाल्या, "इथलीबी लेकरं जातात गं. इथल्या मास्तरांना वाटायचं, आपलीच जातात. आता ते गुडघेवाले गुरुजी अन् मी मिळून..." मागून लेकरांचा कालवा ऐकू आला. "वर्गात आहे, ठेव." ठेवला. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मी एकटीच बसते. दुसरे सर अजून आलेले नाहीत. चारी वर्ग माझ्यापुढे असतात आणि कुणीतरी मला ओरडावं असं फार वाटतं.

ऑगस्टपासून मी भागाकार घेतला. बाईंसारखा नाही येत मला, पण घेतला. साहेब आले, फळा बघितला, मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीसुद्धा?" मी समितीचा ठराव पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, चहा प्यायले आणि भेटीच्या वहीत लिहिलं, वर्ग सुरू होता.

या साली टोळी लवकर निघाली, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच. शाळेसमोर ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी आणि त्यावर माणसं. मी तिसरीच्या वर्गात होते. दारात सुरेखा आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हाताला गौरी.

"बाई, जायच्या आधी हिचं भागाचं गणित एकदा बघू द्या मला."

मी फळ्यावर भागाकाराचं एक उदाहरण लिहिलं. सोपं नाही लिहिलं. गौरीने खडू घेतला. पहिला भाग लावला, खाली वजा केला, पुढचा अंक उतरवला आणि तिथे अडली. ओठ हलत होते, बोटांवर पाढा चालला होता. सुरेखाला त्यातलं काही कळत नव्हतं. ती फळ्याकडे नाही, लेकीच्या हाताकडे बघत होती.

बाहेर मुकादमाने हॉर्न वाजवला. मग ओरडला, "ए सुरेखा! चल जल्दी! टोळी खोळंबलीय!" गौरी दचकली, खडू खाली ठेवायला लागली. सुरेखाने तो तिच्या मुठीत परत दाबला. पुन्हा हॉर्न, आता लांबलचक. मी खिडकीकडे बघितलं. सुरेखाने मान वळवली नाही.

"वाजवू दे त्याला," ती म्हणाली. "तू सोडव."